पिंगळ्यांचं सुतक

पिंगळे विद्यापीठात पिंगळे आडनावाची मुलगी शिकायला गेली की तिचं काय होतं, ते मला विचारा. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना प्राध्यापकांनी 'तारा पिंगळे' असं वाचलं आणि चष्म्यावरून वर बघितलं. "शेठजींच्यापैकी का तुम्ही?" वर्गातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी नाही म्हटलं, तशा त्या जरा निराश होऊनच परत फिरल्या. पुढे ग्रंथालयात, दवाखान्यात, पोस्टात, जिथे म्हणून नाव सांगायची वेळ आली तिथे हाच प्रश्न. ग्रंथालयातला एक शिपाई तर माझं 'नाही' ऐकूनसुद्धा मला बघितलं की उठून उभा राहायचा. मुलगी लपवत असली तर काय घ्या, असा त्याचा विचार असावा. मी खालापूर तालुक्यातल्या भातशेतकऱ्याची मुलगी. शेठजी घाटावरचे, तेलाच्या गिरण्यांचे मालक. आमचा त्यांचा संबंध लावायचाच तर एवढा, की कर्जतच्या बाजारातून आम्ही जे गोडंतेल आणायचो ते कधीमधी त्यांच्या गिरणीतलं असेल. पण हे झालं माझं मत. माझ्या ठमाआत्याचं मत निराळं होतं, आणि ती आपल्या मताची इतकी पक्की होती की त्या मताच्या जोरावरच मी शिकले.

आमच्या वाडीत आडनाव रोजच्या वापरातली वस्तू नव्हती. सगळीच घरं पिंगळ्यांची, तर कोण कोणाला पिंगळे म्हणणार? कोणी वरल्या आळीचा, कोणी विहिरीकडचा, एक घर तर 'बैलमारके' म्हणून ओळखलं जाई, आणि त्यांच्या कोणत्या पूर्वजाने कोणाचा बैल मारला हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. आडनावाच्या अर्थावरून अधूनमधून वाद व्हायचे. रामजीतात्या, म्हणजे आमच्या भावकीतले वडीलधारे, सांगायचे की मूळ पुरुषाचे डोळे पिंगट होते म्हणून पिंगळे. विहिरीकडच्यांचं म्हणणं, तो पहाटे दारोदार जाऊन भविष्य सांगायचा म्हणून पिंगळे. हे रामजीतात्यांना अजिबात खपत नसे, कारण त्यात पूर्वजाने झोळी घेऊन फिरल्याचं आलं. माझे वडील, ज्यांना मी दादा म्हणायचे, मिशीत हसून दोघांनाही हो म्हणायचे.

एरवी आडनाव कपाटातल्या जरीच्या टोपीसारखं दोनच वेळांना बाहेर निघायचं. एक सोयरीक जुळवताना, कारण पिंगळ्यांची मुलगी पिंगळ्यांत देता येत नसे. दुसरं कोणी गेलं की. वाडीत कुठल्याही पिंगळ्याच्या घरी माणूस गेलं की सगळ्या घरांना दहा दिवस सुतक. देवाला हात लावायचा नाही, सण करायचा नाही, आणि मुख्य म्हणजे फोडणी करायची नाही. वरण असो, वालाचं बिरडं असो, सगळं नुसतं उकडून मीठ घालून खायचं. आजूबाजूच्या वाड्यांत संध्याकाळी लसणाची फोडणी तडतडायची आणि आमच्याकडे नुसता धूर. लांबून येणाऱ्या माणसाला वास घेऊनच कळायचं की पिंगळ्यांत कोणीतरी गेलंय. मला विचाराल तर लहानपणी मला आडनावाचा एवढाच अर्थ ठाऊक होता: कोण मेलं की आपली फोडणी बंद होते, ती सगळी माणसं म्हणजे आपलं आडनाव.

आमच्या घरातल्या फोडणीची मालकीण ठमाआत्या. दादांची थोरली बहीण. लग्न होऊन चौक गावाच्या पलीकडे दळव्यांच्या घरी गेली, आणि हातातल्या बांगड्यांचा रंग उतरायच्या आत विधवा होऊन परत आली. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी पुन्हा बोलावलं नाही, आणि तिनेही कधी त्या वाटेला बघितलं नाही. अंगाने काटकुळी, आवाज मात्र बांधावरून बांधावर जाणारा. माझी आई शेतात आणि गोठ्यात असायची. चूल आत्याची. मोहरीचा डबा ती कोणाच्या हाती देत नसे. तेल तापलं की नाही हे ती कढईकडे न बघता, कान देऊन ओळखायची. मोहरी टाकली की लगेच झाकण, मग ठेचलेला लसूण, मग हिंग, आणि हे सगळं चाललेलं असताना कोणी मधे बोललं तर त्याची धडगत नसे. माझ्या आईने एवढ्या वर्षांत त्या चुलीवर फार तर भात रांधला असेल. त्याबद्दल आईची कधी तक्रार ऐकली नाही. तिला ते सोयीचंच वाटत असावं.

दादा शेती सांभाळून कर्जत स्टेशनात खलाशी होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडायची, त्या कामावर. गाडी थांबायची तेवढ्यात डब्यात कोणी टाकून दिलेलं वर्तमानपत्र मिळालं की ते घडी करून घरी आणायचे आणि जेवणाआधी मोठ्याने वाचायचे. एका संध्याकाळी त्यांनी वाचलं की घाटावरचे दानशूर पिंगळेशेठ वारले. त्यांनी आपलं सगळं धन शिक्षणाला दिलं होतं, आणि त्यांच्या कॉलेजांचं आता विद्यापीठ होणार होतं, त्यांच्याच नावाचं. आत्या चुलीपाशी वालांच्या साली काढत होती. तिचे हात थांबले.

"पिंगळे? आपल्यातले?"

दादांना थट्टेची सवय. म्हणाले, "आता पिंगळे हायत म्हंजी आपल्यातलेच असतील की, आक्का."

"पोरंबाळं?"

दादांनी पुन्हा कागदात बघितलं. "नाय. मूल नवतं त्यांना. म्हणून तर सगळं शाळा-कॉलेजांना दिलं."

आत्या उठली. चुलीवर ठेवलेली कढई तिने उतरवली, राखेने घासली, पुसली आणि वरच्या फळीवर पालथी घालून ठेवली. मोहरीचा डबा तिच्या शेजारी. दादांच्या तोंडावरचं हसू गेलं. "आक्का, अगं मी आपलं गमतीनं..." पण आत्याने ते ऐकलंच नाही. त्या रात्री आम्ही उकडलेले वाल मीठ लावून खाल्ले. दुसऱ्या दिवशीही तेच. माझ्या धाकट्या भावाने भोकाड पसरलं, तर त्याला तिने गुळाचा खडा दिला, फोडणी नाही दिली.

वाडीत हसून हसून लोकांची पोटं दुखली. रामजीतात्या काठी टेकत मुद्दाम आमच्या ओसरीवर आले. "ठमे, येडी का खुळी तू? ते घाटावरचं, गिरनीवालं मानूस. त्याची जात तरी ठाव हाय का तुला? आडनाव एक असलं म्हंजी भावकी झाली व्हय गं?"

"तात्या," आत्या म्हणाली, "एवढा मोठा मानूस, त्याच्यामागं कोन नाय. त्याच्या नावानं चार घरची फोडनी थांबली तर आपलं काय जातं?"

"आन् तू कोन गं पिंगळ्यांचं सुतक धरनारी? तू तर दळव्यांची."

हे खरं होतं, आणि आमच्या घरात ते कधी कोणी बोलून दाखवलं नव्हतं. लग्नानंतर ती दळवी झाली, नवरा गेला तरी दळवीच राहिली. आमच्या चुलीपाशी तिचा सारा जन्म गेला, पण कागदोपत्री आणि भावकीच्या लेखी ती परक्या घरची. आत्या जराही चिडली नाही. चुलीतलं लाकूड मागे ओढत तिने विचारलं, "मग मी मेले म्हंजी कसं वो, तात्या? माझ्यासाठी कोनाची फोडनी थांबायची?"

"सासरची मान्सं दहा दिस धरतील. लेकीचं माहेराला तीन दिस. रीत हाय ती."

"सासरची धरतील!" आत्या एवढंच म्हणाली आणि हसली. मला ते हसू आवडलं नाही. मी तेव्हा परकर नेसणारी पोर होते, तरी मला कळलं की ती त्या शेठचं सुतक का पाळते आहे. त्या दहा दिवसांत मी एकदाही बेचव जेवणाबद्दल कुरकुर केली नाही.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. मी कर्जतच्या शाळेत जाऊ लागले, कर्जतला लागून असलेल्या दहिवलीपर्यंत पायी आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून. मॅट्रिक झाले. मला शिक्षिका व्हायचं होतं, नुसती प्राथमिकची नव्हे, हायस्कूलची, कारण आमच्या शाळेत एक बाई इस्त्रीच्या पातळात इतिहास शिकवायच्या आणि मला आयुष्यात तेवढंच हवं होतं. हेडमास्तरांनी दादांना बोलावून सांगितलं की घाटावर विद्यापीठ आहे, मुलींचं वसतिगृह चांगलं आहे, हिला पाठवा. रामजीतात्यांनी अर्थातच सोयरीक आणून ठेवली होती. आठवडाभर घरात तोच विषय होता. शेवटी आईने विचारलं, "त्या शहरात आपलं कोन हाय? पोरगी कुनाच्या भरवशावर ठेवायची?"

"आपलं कोन हाय म्हंजी?" आत्या चुलीपासून म्हणाली. "कुठलं विद्यापीठ म्हनालास?"

दादांनी नाव सांगितलं. एवढी साधी गोष्ट हिला कळू नये, अशा नवलाने आत्याने आईकडे बघितलं. "आपल्या नावाचं घर हाय ते. आपन त्यांचं सुतक धरलंय. पोरीला ठिवून घ्यायला नको म्हनतील व्हय?"

दादांना रजा मिळाली नाही, म्हणून मला घेऊन आत्याच निघाली. खालापूरला जाऊन कचेरीतून जे दाखले आणायचे ते दादांनी आधीच आणले होते. आत्याने आपल्याकडून तांदूळ आणि वाल घेतले, दोन वेगळ्या फडक्यांत बांधून, कारण भावकीत पहिल्यांदा जाताना रिकाम्या हाताने जात नाहीत. कर्जतला दादांनी आम्हाला डब्यात बसवलं आणि स्वतः मागे जाऊन इंजिन जोडलं. घाट चढेपर्यंत आत्या खिडकीतून मागे बघत होती. "तुझा बाप ढकलतोय गं आपल्याला," ती म्हणाली, आणि ते अक्षरशः खरं होतं. मी तोपर्यंत घाट चढले नव्हते. बोगद्यातून बाहेर आल्यावर हवा बदलली, गार आणि कोरडी झाली, आणि मी आत्याचा पदर मुठीत धरला. आज माझा मुलगा मोटारीने तोच घाट गप्पा मारता मारता चढतो, खालापूरच्या टोलनाक्यावर वडा खातो, आणि मी मागे बसून उगाच पुढच्या सीटची पाठ घट्ट धरते.

विद्यापीठाच्या फाटकावर दगडात मोठी अक्षरं कोरलेली होती. आत्याला वाचता येत नव्हतं. तिने मला थांबवलं. "वाच." मी वाचलं. "परत वाच." मी पुन्हा वाचलं. तिने फाटकाच्या खांबाला हात लावून तो कपाळाला लावला, पदर सारखा केला आणि अशी आत शिरली, की पहारेकऱ्याने कोण, कुठून, काही विचारलं नाही.

वसतिगृहाच्या रेक्टर बापटबाई. पन्नाशीच्या, जाड काचांचा चष्मा, पांढरं पातळ, टेबलावर सगळं काटकोनात मांडलेलं. माझे गुण बघून त्या खूश झाल्या. मग त्यांनी विचारलं, "शहरात तुमचं कोण आहे? नियम आहे आमचा. मुलगी आजारी पडली, काही अडचण आली, तर जबाबदारी घेणारं इथलं माणूस लागतं. त्यांची सही झाल्याशिवाय मला खोली देता येत नाही."

आमचं त्या शहरात कुत्रंसुद्धा ओळखीचं नव्हतं.

आत्या शांतपणे म्हणाली, "इथं कोन म्हंजी? बाहेर दारावर नाव कुनाचं हाय?"

"शेठजींचं. तुम्ही त्यांच्या नात्यातल्या का?" बाई एकदम सावरून बसल्या.

"नात्यातल्या नसू. पन पिंगळे आमी बी. शेठ गेले तवा आमच्या घरात दहा दिस फोडनी नव्हती. लेकरं रडली, पन नव्हती. त्यांना मूल नव्हतं, म्हनून आमी धरलं." आत्याने फडकी टेबलावर ठेवली, काटकोनात मांडलेल्या कागदांच्या बरोबर मधोमध. "आता ही आमची पोर. तिचं इथं कोन, असं तुमी कसं इचारता?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई हसतील, शिपायाला बोलावतील, असं वाटलं. बापटबाईंनी चष्मा काढला. मग त्यांनी विचारलं, "दहा दिवस? पूर्ण?"

"अर्धं सुतक असतं व्हय कुठं?"

"शेठजी गेले तेव्हा मी इथेच होते," बाई म्हणाल्या. "सभा झाली. हार झाले. भाषणं झाली. तिसऱ्या दिवशी मेसमध्ये श्रीखंड होतं." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "मीच सांगितलं होतं करायला. कुठलेसे पाहुणे यायचे होते."

मग त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि जबाबदार व्यक्तीच्या जागी स्वतःचं नाव लिहून सही केली. असं करायची रेक्टरला मुभा होती की नाही कोण जाणे. मी कधी विचारलं नाही. आत्याला मात्र काय झालं ते नीट समजावून घ्यायचं होतं. "म्हंजी आता तुमी हिच्या?"

"हो. इथे असेपर्यंत हिची जबाबदारी माझी."

"नुसती जबाबदारी नाय. एकदा आपली म्हनलं की सगळं आलं. तुमच्यात काय झालं तर आमच्याकडं फोडनी नाय. आमच्यात झालं तर तुमच्याकडं नाय. दहा दिस."

"कबूल," बापटबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर हसू होतं.

"हसू नका वो बाई," आत्या म्हणाली.

"नाही हसत," त्या म्हणाल्या, आणि खरंच थांबल्या.

वसतिगृहात माझे दिवस बरे गेले. हजेरीच्या वेळी माना वळायच्या त्याची सवय झाली. बापटबाईंचं दोन खोल्यांचं घर आमच्या इमारतीला लागूनच होतं, माझ्या खिडकीच्या खालीच. त्याही विधवा, एकट्या. मेसचं जेवायच्या नाहीत, रोज सकाळी स्वतःचं वरण-भात-भाजी करायच्या. साडेनऊच्या सुमाराला त्यांच्या खिडकीतून फोडणीचा आवाज यायचा आणि वास वर चढायचा, मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता. आमच्या लसणाच्या फोडणीपुढे तो मला फारच सभ्य वास वाटायचा. पण घरची आठवण त्यानेही यायची. खोलीतली माझी जोडीदारीण, नागपूरकडची मंदा, त्या आवाजावर घड्याळ लावायची. "बाईंची फोडणी पडली, चल, तास चुकेल."

सुट्टीत घरी गेले की आत्या पहिला प्रश्न विचारायची, "बाई बऱ्या हायत?" परत निघताना माझ्या पिशवीत त्यांच्यासाठी वालाची पुरचुंडी असायचीच. बाईंना बिरडं करता येत नव्हतं. मी सांगेन तसं त्या करायच्या आणि ते दर वेळी बिघडायचं. आत्याला मी कधीच सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी, भाताची झोडणी उरकून वाल फुलावर आले होते त्या दिवसांत तार आली. ती बापटबाईंच्याच हाती पडली. वर्ग चालू असताना त्या स्वतः आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि मला बाहेर बोलावलं. आत्या वालाच्या वाफ्यात बसल्या जागी गेली होती. बाईंनी मला स्टेशनवर नेऊन गाडीत बसवलं. गाडी हलताना त्यांनी एकच विचारलं, "कधी गेल्या? काल संध्याकाळी ना?" मी मान हलवली. असल्या वेळी ह्या असलं काय विचारतात, एवढंच मनात आलं.

मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अग्नी दादांनी दिला. दळव्यांकडे सांगावा गेला होता. तिकडून एक पुतण्या आला, चितेपर्यंत थांबला आणि घरात लग्न काढलंय म्हणून आंघोळ करून सुतकातून मोकळा होतो, असं सांगून गेला. घरात कढई फळीवर पालथी होती. ती पुसून वर ठेवणारा हात कोणाचा, असं मनात आलं आणि मी पहिल्यांदा रडले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर भावकी बसली. रामजीतात्यांच्या नातीचा साखरपुडा जवळ आला होता. ते म्हणाले, "लेकीचं तीन दिस. उद्यापास्नं सगळं मोकळं." दादांनी हळूच म्हटलं की दहा धरू या, ती जन्मभर इथेच होती. तात्यांनी मान हलवली. "एकट्या घरानं धरलं तर ते सुतक नाय, रं. तो उपास झाला. सगळ्यांनी धरलं तर सुतक."

मी आत उंबऱ्याशी उभी होते. मोठ्यांच्या बैठकीत मुलीने बोलायचं नसतं. मी बोलले. "तात्या, आत्याने त्या शेठचं दहा दिवस धरलं होतं."

तात्यांनी माझ्याकडे रागाने नाही, समजुतीनेच बघितलं. "पोरी, तो पिंगळा होता. ठमी दळवी."

दादा खाली बघत होते. तात्या दुष्ट नव्हते, हे मला आज कळतं. आत्याला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं होतं, आणि चितेपाशी त्यांना दोघांनी धरून उभं करावं लागलं होतं. पण रीत म्हटली की त्यांचा नाइलाज व्हायचा. त्या क्षणी मात्र मला त्यांचा इतका राग आला की मी परसात जाऊन लाकडांच्या भाऱ्याला लाथ मारली आणि अंगठा फोडून घेतला.

चौथ्या दिवशी सकाळी आईने कढई खाली घेतली. लहान भावंडं होती, दादांना कामावर जायचं होतं. तिला मोहरी किती घालायची हे ठाऊक नव्हतं. तेल पुरेसं तापलं नव्हतं, मोहरी तडतडलीच नाही, नुसती बुडाशी गेली. आई कढईकडे बघत उभी राहिली आणि डोळ्यांतून पाणी वाहत असतानाच तिने लसूण टाकला. शेजारच्या घरातून, त्याच्या पलीकडच्या घरातून, सगळ्या वाडीतून फोडणीचे आवाज येत होते. मी पानातलं नुसतं चिवडत राहिले. आईने ते बघितलं आणि माझ्यापुढचं ताट उचललं. दुसऱ्या दिवशी मी निघाले. रडायचं ते निदान परक्या गावात रडावं, असं वाटलं.

वसतिगृहावर पोचले तेव्हा संध्याकाळ होती. मंदाने पाणी दिलं, जवळ बसली, आणि मग म्हणाली, "बाईंची तब्येत बरी नाही वाटतं गं. तू गेल्यापासून फोडणीचा आवाजच नाही. मला दोन दिवस तास चुकला."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि जिना उतरले. बापटबाईंचं दार उघडं होतं. त्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या, समोर पितळी पातेल्यात पांढरं वरण आणि भात. फोडणीची छोटी कढई भिंतीवरच्या फळीवर पालथी होती. देव्हाऱ्यापुढे दिवा नव्हता.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "हात धू. पान घेते तुझं."

मी हात धुऊन पाटावर बसले. मग म्हटलं, "बाई, आमच्याकडे तीनच दिवस धरलं."

"का?"

"आत्या दळवी होती म्हणून."

बाईंनी माझ्या पानात भात वाढला, वर वरण घातलं, कडेला मीठ ठेवलं. "मी कुठे पिंगळे आहे?" त्या म्हणाल्या. "त्यांच्याशी माझं बोलणं झालं होतं. दहा दिवस, पूर्ण. तुझ्यादेखत." मग स्वतःचं पान ओढत, "एकटीने धरत होते तेव्हा कसंसंच वाटत होतं खरं. आता तू आलीस."

उरलेले दिवस मी त्यांच्याकडेच जेवले. त्या मला आत्याबद्दल विचारायच्या, ती वाल कसे पेरायची, तेल तापलं हे कानाने कसं ओळखायची. मी सांगायचे, आणि सांगता सांगता जेवायचे. ते बिनफोडणीचं वरण मला जितकं गोड लागलं तितकं पुढे कुठल्याच पंगतीत काही लागलं नाही. पुढे माझं लग्न झालं, आडनाव बदललं, आता मी तिसऱ्याच कोणाच्या सुतकात मोडते. बाई गेल्या तेव्हा मी साताऱ्याला शाळेत होते. माझ्या सासूबाईंनी विचारलं, ह्या बापट तुझ्या कोण? मी फोडणीची कढई पुसून फळीवर ठेवत होते. म्हटलं, माहेरच्या.

पण तेव्हा वसतिगृहावर, आत्याचा दहावा दिवस सरला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी न्हाऊन देवापुढे दिवा लावला, कढई खाली घेतली, स्टोव्हवर ठेवून तीत तेल घातलं आणि मोहरीचा डबा माझ्यापुढे धरला. "तू घाल. घरच्या माणसाने घालायची."

मी कढईकडे बघितलं नाही. डोळे मिटले, कान दिला, तेलाचा आवाज येईपर्यंत थांबले आणि मोहरी टाकली. ती एकदम तडतडली. वरच्या मजल्यावरून मंदाचा आवाज आला, "बाईंची फोडणी पडली गं!" आणि जिन्यावर मुलींची धावपळ सुरू झाली. मी वरणाच्या पातेल्यात फोडणी ओतली. ठमाआत्याचं सुतक फिटलं.